जुना भाडेकरू, तुटपुंजे भाडे: छोट्या घरमालकाला कायद्याने काय काय करता येते

वडिलोपार्जित वाडा, चाळीतल्या चार खोल्या, रस्त्यावरचा एखादा गाळा. भाडे महिना दोन-अडीचशे, घरपट्टी त्याहून जास्त, आणि भाडेकरू दुसऱ्या-तिसऱ्या पिढीतला. अशा मालकाला दोन सल्ले हमखास ऐकायला मिळतात: 'काही करता येत नाही' आणि 'कुलूप ठोका'. दोन्ही चुकीचे आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 मालकाला बरेच काही देतो, पण प्रत्येक गोष्टीसाठी ठरलेले कारण, ठरलेली मुदत आणि ठरलेला पुरावा मागतो. म्हणून चार कारणे एकदम लावण्यापेक्षा कागदाने सिद्ध होईल असे एकच कारण शोधावे. पुढची सगळी चर्चा त्याच दृष्टीने केली आहे.

आधी ठरवा: राहणारा माणूस कायद्याने कोण?

हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याने 1947 चा मुंबई भाडे कायदा, विदर्भातला 1949 चा भाडे नियंत्रण आदेश आणि मराठवाड्यातला 1954 चा हैदराबाद कायदा, असे तिन्ही रद्द केले. तो लागू होतो अनुसूचीत नमूद केलेल्या शहरांना आणि भागांना. तुमचे घर त्यात येत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 प्रमाणे काम चालते आणि ते मालकाला बरेच सोपे जाते. 2021 चा केंद्राचा आदर्श भाडेकरार कायदा लोक सर्रास पुढे करतात. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही.

कायद्याचे संरक्षण सगळ्यांना नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम, कायद्याने स्थापन झालेली महामंडळे, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या कलम 3 मुळे बाहेर आहेत. तळमजल्यावर जुन्या भाड्याने बँकेची शाखा असेल, तर आजच वकील गाठा. तिथे प्रमाण भाड्याची, म्हणजे कायद्याने बांधलेल्या भाड्याची, अडचण नाही आणि ताबा मागण्यासाठी कलम 16 ची ठरलेली कारणेही लागत नाहीत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे नोटीस देऊन भाडेकरार संपवता येतो.

मूळ भाडेकरू वारला असेल तर हक्क कोणाकडे गेला ते पाहा. निवासी जागेत मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो. दुकानाच्या बाबतीत त्या जागेत त्याच्यासोबत धंदा करणारा कुटुंबीय. परगावी स्थायिक झालेला मुलगा बापाच्या निधनानंतर किल्ली घेऊन आला आणि म्हणाला 'आता मी भाडेकरू', तर तो आपोआप भाडेकरू ठरत नाही. मात्र त्याच्या नावाने तुम्ही एक जरी पावती फाडलीत, तरी हा मुद्दा जवळपास गेला असे समजा.

आणि राहणारा लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर असेल तर त्याचा मार्ग पूर्ण वेगळा आहे. त्याबद्दल शेवटी लिहिले आहे.

फाइल तयार करा

मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव असेल तर फेरफार करून घ्या. सहमालकांपैकी एकटाही ताब्याचा दावा लावू शकतो, पण बाकीच्यांनी हरकत घेतली तर दावा लंगडा पडतो. म्हणून भावंडांकडून आधीच लेखी संमती किंवा मुखत्यारपत्र घ्यावे.

पावती देणे कलम 31 ने बंधनकारक आहे. कार्बन प्रत असलेले पावतीपुस्तक वापरा. पावतीवर भाडेकरूचे नाव, खोलीचा क्रमांक, कोणत्या महिन्याचे भाडे आणि वापर निवासी की व्यापारी, हे चार तपशील हवेतच. यूपीआयने पैसे आले तरी पावती द्या, आणि ती खात्यातून पैसे पाठवणाऱ्याच्या नावाने नव्हे, तर भाडेकरूच्याच नावाने. पोटभाडेकरूने पाठवलेल्या रकमेची पावती त्याच्या नावाने दिली, की पुढे कोर्टात तुमचीच पावती तुमच्याविरुद्ध दाखल होते.

कलम 28 प्रमाणे पूर्वसूचना देऊन वाजवी वेळी जागा पाहण्याचा हक्क मालकाला आहे. तो वर्षातून एकदा तरी वापरा. तारखेचे फोटो काढा, भिंती, पोटमाळा, मोरी, गॅलरी मोजून ठेवा. पुढे 'हे बांधकाम आधीपासूनचेच आहे' असा बचाव आला, तर हीच नोंद उपयोगी पडते.

भाडे कायदेशीरपणे किती वाढवता येते

प्रमाण भाडे म्हणजे कोर्टाने ठरवलेले भाडे, आणि ते ठरलेले नसेल तर 1 ऑक्टोबर 1987 रोजी असलेले भाडे अधिक 5 टक्के. त्यावर कलम 11 प्रमाणे दरवर्षी 4 टक्के वाढ मागता येते. भाडे 300 असेल तर पुढच्या वर्षी 312. रक्कम क्षुल्लक वाटते म्हणून बहुतेक मालक मागतच नाहीत, आणि वाढ आपोआप होत नाही. दरवर्षी एक छोटे पत्र द्या: आजचे भाडे, 4 टक्के वाढ, कोणत्या महिन्यापासून. प्रतीवर भाडेकरूची सही घ्या, सही नाकारली तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. वीस वर्षांची वाढ एकदम मागायला गेलात तर मुदतीचा कायदा आडवा येतो. थकीत भाड्याची वसुली तीन वर्षांपुरतीच करता येते.

महापालिकेने वाढवलेल्या करांचा बोजा कलम 12 खाली भाडेकरूच्या वाट्यापुरता मागता येतो. घरपट्टीची जुनी आणि नवी बिले सोबत जोडा. सुधारणा किंवा रचनात्मक बदल केल्यास, 70 टक्के भाडेकरूंच्या लेखी संमतीने, खर्चाच्या वार्षिक 15 टक्क्यांपर्यंत भाडेवाढ मिळते. संमती काम सुरू होण्याआधी घ्या. काम झाल्यावर कोणी सही करत नाही.

दुरुस्ती मात्र मालकाचीच जबाबदारी आहे. तुम्ही ती टाळलीत तर भाडेकरू 15 दिवसांची नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो, मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. नोटीस आली तर गप्प बसू नका, जागा पाहून लेखी उत्तर द्या.

भाडे थकले असेल तर

हा सगळ्यांत जास्त वापरला जाणारा आणि सगळ्यांत जास्त बिघडवला जाणारा मार्ग आहे. कलम 15 चे सूत्र असे: भाडेकरू प्रमाण भाडे आणि कायदेशीर वाढ द्यायला तयार आणि राजी असेल, तोवर थकबाकीपोटी ताबा मिळत नाही. म्हणून पहिला नियम, भाडे नाकारू नका. मनीऑर्डर परत पाठवणारा मालक स्वतःच्याच दाव्याचा पाया काढून टाकतो, कारण 'मी देत होतो, त्यांनीच घेतले नाही' हे पोस्टाचा शेरा सांगतो. वाद चालू असेल तर 'हक्क राखून स्वीकारले' असे पावतीवर लिहून घ्या.

दुसरी पायरी मागणी नोटीस. तीत थकलेले महिने नावानिशी लिहा, दर, कर, वाढ आणि बेरीज वेगवेगळी दाखवा. ठोकताळ्याने 'सुमारे तीस हजार' असे लिहू नका. मुदतबाह्य महिने घुसडू नका, कारण फुगवलेल्या मागणीवरच विरुद्ध वकील सगळा उलटतपास उभा करतो. नोटीस पोचपावतीसह पाठवा आणि पोचपावती, ट्रॅकिंगची छापील प्रत व पाकीट सांभाळा. 'घेण्यास नकार' असा शेरा मारून पाकीट परत आले तर ते तसेच, न फोडता ठेवा. योग्य पत्त्यावर गेलेली नोटीस नाकारली तरी ती बजावली गेली असेच धरले जाते.

नोटीस मिळाल्यापासून 90 दिवस पूर्ण होण्याआधी दावा लावता येत नाही. नोटीस 1 जुलैला मिळाली असेल तर नव्वदावा दिवस 29 सप्टेंबरला येतो. दावा त्यानंतरच दाखल करा, आणि चार-आठ दिवस वर जाऊ दिलेत तर उत्तमच. दोन दिवस घाई केल्याने दावा अकाली ठरतो, आणि वर्षानुवर्षे चालल्यावर तेवढ्याच कारणाने फेटाळला जाऊ शकतो.

आता खरी अडचण. दाव्याचे समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने सगळी थकबाकी, त्यावर द.सा.द.शे. 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि निकालापर्यंत नियमित भाडे भरत राहिला, तर ताब्याचा हुकूमनामा होत नाही. पुष्कळ भाडेकरू पहिली रक्कम भरतात, पण पुढच्या महिन्यांत ढिले पडतात. मालक आणि त्याचा वकील ते तपासतच नाहीत. दर तीन महिन्यांनी कोर्टाच्या नाझर विभागातून (जिथे पैसे भरले जातात) भरण्याचा तपशील काढा आणि हप्ते चुकले असतील तर त्याचा तक्ता करून पुराव्यात आणा. थकबाकीचे जे दावे मालक जिंकतात, त्यांतले बरेचसे या तक्त्यामुळे जिंकतात.

स्वतःला जागा हवी असेल तर

कलम 16(1)(जी): मालकाला किंवा त्याच्या कुटुंबाला जागेची वाजवी आणि प्रामाणिक गरज. कोणत्या जागेत राहावे, कुठे धंदा करावा हे मालकाला भाडेकरूने शिकवायचे नसते, ही भूमिका न्यायालयांनी वारंवार घेतली आहे. पण गरज ठोस हवी. 'मुलाचे लग्न ठरले आहे' एवढे पुरत नाही. आज घरात किती माणसे, किती खोल्या, किती चौरस फूट, कोण कुठे झोपते, मुलाची नोकरी कोणत्या भागात, हे दाव्यात नकाशासह मांडा. दुकान हवे असेल तर मुलाचे प्रशिक्षण आणि धंद्यासाठीची रक्कम दाखवा.

तुमच्या ताब्यातली दुसरी जागा लपवू नका. ती उलटतपासात निघाली की गरजेबरोबर विश्वासही जातो. दावा चालू असताना शेजारची खोली रिकामी झाली आणि तुम्ही ती दुसऱ्याला दिलीत, तर तेही कोर्टासमोर येते.

गरज सिद्ध झाली तरी कलम 16(2) ची दुसरी चाळणी असते. ताबा दिल्याने भाडेकरूला होणारा त्रास जास्त, की न दिल्याने मालकाला होणारा? भाडेकरूच्या नावावर इतरत्र सदनिका असेल तर इथे ती फार उपयोगी पडते, म्हणून नोंदणी कार्यालयातून तिची सूची दोन (नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा. काही वेळा कोर्ट जागेच्या काही भागापुरताच हुकूम देते, त्यामुळे जागा विभागता येते की नाही याचे उत्तर तयार ठेवा. ताबा मिळाल्यावर एका महिन्यात प्रत्यक्ष राहायला जायला हवे. तसे केले नाही, किंवा एका वर्षाच्या आत जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, तर जुना भाडेकरू पुन्हा ताबा मागू शकतो.

पोटभाडेकरू, बंद खोली, परवानगीविना बांधकाम

पोटभाड्याचा व्यवहार कोणी कागदावर करत नाही. मालकाला दाखवायचे असते ते एवढेच, की तिसरा माणूस जागेचा एकहाती ताबा घेऊन बसला आहे आणि मूळ भाडेकरूचा तिथे वावर नाही. दुकानावरच्या पाटीचा तारखेचा फोटो, गुमास्ता नोंदणी, जीएसटी नोंदणीतला पत्ता आणि वीजबिलावरचे नाव अशी साखळी जुळवा. 'हा माझा भागीदार आहे' हा ठरलेला बचाव असतो. तेव्हा भागीदारीपत्र, भागीदारीचे बँक खाते आणि मूळ भाडेकरूला मिळालेला नफा यांची मागणी करा. एक सावधगिरी: वीजमीटर किंवा परवान्यासाठी ना-हरकत पत्रावर सही मागायला कोणी आले, तर नाव वाचल्याशिवाय सही करू नका. ती सही म्हणजे तुमची संमती, असा युक्तिवाद होतो.

बंद खोलीसाठी कलम 16(1)(एन) आहे: दावा दाखल होण्याच्या लगत आधीचे सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, ज्यासाठी जागा दिली त्यासाठी तिचा वापर नसणे. मुख्य शब्द 'लगत आधीचे'. पाच वर्षे खोली बंद होती, पण दाव्याच्या दोन महिने आधी भाडेकरू येऊन राहू लागला, तर हे कारण गेले. म्हणून पुरावा जमला की दावा लांबवू नका. दरमहा कुलपाचा फोटो घ्या, मीटरचे आकडे टिपा. शून्य किंवा दोन-तीन युनिटांची बिले सगळ्यांत बोलकी असतात. वीज कंपनीचा वापराचा उतारा दाव्यात साक्षीदार बोलावून सिद्ध करावा लागतो, नुसती झेरॉक्स चालत नाही. शेजाऱ्यांपैकी निदान एकाने साक्ष द्यायची तयारी ठेवावी. आजारपण, बदली ही वाजवी कारणे ठरू शकतात, तेव्हा भाडेकरू कुठे आणि का राहतो हे आधी माहीत करून घ्या.

लेखी परवानगीविना पक्के बांधकाम हेही कारण आहे. मात्र लाकडी फळ्यांचे पार्टिशन, फरशी बदलणे किंवा ओटा नवा करणे सहसा पक्के बांधकाम ठरत नाही. भिंत पाडणे, स्लॅबचा पोटमाळा घालणे, गॅलरी विटांनी बंद करणे, अशा गोष्टींवरच दावा उभा करा.

काय करायचे नाही

पाणी तोडणे, वीज कापणे, संडास बंद करणे. कलम 29 खाली हा गुन्हा आहे, आणि कोर्ट काही दिवसांत पुरवठा सुरू करायला लावते. कुलूप ठोकून बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा लावून परत ताबा घेऊ शकतो, आणि त्यात मालकी कोणाची हे पाहिलेच जात नाही. त्यानंतर तुमच्या खऱ्या दाव्याकडेही कोर्ट संशयाने पाहते.

कोर्ट कोणते

मुंबईत लघुवाद न्यायालय. पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी तिथले लघुवाद न्यायालय, आणि जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. अपील 30 दिवसांत. मुंबईत ते त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठाकडे जाते, इतरत्र जिल्हा न्यायालयाकडे.

तडजोड

दोन्ही बाजू थकलेल्या असतील तर तडजोड हा बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त मार्ग असतो. मालक ठरावीक रक्कम देऊन ताबा घेतो, भाडेकरू जागा विकत घेतो, किंवा पागडीने हक्क तिसऱ्याला जातो. पागडी पूर्वी गुन्हा होती. 1999 च्या कायद्याच्या कलम 56 ने मालकाला आणि भाडेकरूलाही असा मोबदला घेण्याची मुभा दिली. हस्तांतरणात मालकाचा वाटा प्रथेने एक तृतीयांशाच्या आसपास ठरतो, पण तो कायद्याने ठरलेला नाही. तुमच्या संमतीचा भाव तुम्हीच ठरवता. नव्या भाडेकरूशी करार करताना भाडे नव्याने ठरवा, वार्षिक वाढ, दुरुस्तीचा वाटा आणि पोटभाड्याची मनाई लिहून घ्या.

ताबा परत घेत असाल तर साध्या कागदावरची चिठ्ठी पुरेशी समजू नका. नोंदणीकृत समर्पणपत्र (भाडेहक्क सोडल्याचा दस्त) करा, त्यावर जागेत राहणाऱ्या सर्व सज्ञान कुटुंबीयांच्या सह्या घ्या, आणि उरलेली रक्कम किल्ली हातात आल्यावरच द्या. दावा चालू असेल तर लोकअदालतीत तडजोड नोंदवा. तिथल्या निवाड्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

इमारत मोडकळीला आली असेल तर

पाडून नवे बांधण्यासाठीही ताबा मागता येतो, पण मंजूर नकाशे, पुरेसा पैसा आणि नव्या इमारतीत भाडेकरूंना जागा देण्याची हमी कोर्टाला दाखवावी लागते. इमारत पडली की भाडेकरू सुटला, ही समजूत सोडा. इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस आली, तर रिकामी करण्याआधी भाडेकरूनिहाय मोजमापाची यादी सर्वांच्या सह्यांनिशी तयार करा. नंतर प्रत्येकाची खोली वाढलेली असते.

मुंबई शहरातल्या, 30 सप्टेंबर 1969 पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींना मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम 33(7) खाली पुनर्विकासाची वाट आहे. त्यासाठी 51 टक्के भाडेकरूंची संमती पुरते आणि निवासी भाडेकरूला किमान 27.88 चौरस मीटर चटई क्षेत्र मोफत द्यावे लागते. छोट्या मालकाने विकासकाशी करार करताना स्वतःचा वाटा रोखीत न मागता बांधलेल्या क्षेत्रफळात मागावा आणि त्यासाठी बँक हमी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिकामी झालेली जागा पुन्हा देताना

इथे लिव्ह अँड लायसन्सच करा, आणि तो नोंदवा. 'अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही' हे महाराष्ट्रात खरे नाही. कलम 55 प्रमाणे प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी मालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबाबत राहणाऱ्याचेच म्हणणे आधी खरे धरले जाते.

खर्च फार नाही. 60 महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. भाडे 12,000, मुदत 24 महिने, परतीची अनामत 50,000 असेल तर भाड्याचे 2,88,000 आणि अनामतीवर वार्षिक 10 टक्क्यांनी दोन वर्षांचे 10,000, एकूण 2,98,000. त्यावर शुल्क 745 रुपये येते. नोंदणी फी शहरी भागात 1,000, ग्रामीण भागात 500. आधारवर आधारित ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते.

मुदत संपून निवासी लायसन्सधारक हलला नाही तर भाडे न्यायालयात जाऊ नका. कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. समोरच्याला बचाव करण्याची परवानगी समन्सनंतर 30 दिवसांत प्रतिज्ञापत्राने मागावी लागते, आणि मुदतीनंतरच्या वास्तव्यासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. ही सोय फक्त निवासी जागेला आहे, गाळ्यासाठी लघुवाद न्यायालयातच जावे लागते. मुदत संपल्यावर जुन्याच दराने पैसे घेत राहू नका. एकतर नवा करार नोंदवा, नाहीतर 'मुदतीनंतरची भरपाई, हक्क राखून' असे लिहूनच रक्कम घ्या, आणि अर्ज त्याच महिन्यात करा.